उन्हाचे परस आणि अबोली

(ग्रामीण भागातील शिक्षक, पंचायत सचिव आणि महिला मंडळांच्या सदस्या यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोमंतकातील घरापुढे तुळशीवृंदावन असते आणि त्याच्या आसपास, जेथे ऊन पोचते अशा जागी, अबोलीची दोन-चार झाडे असतात. ती केव्हा लावली हे घरातील कोणालाही बहुधा सांगता येत नाही. सुनेने माहेराहून आणलेले एखादे रोप, शेजारणीने मुळासकट उपटून मातीच्या ढेकळासह दिलेले दुसरे, देवळाकडून येताना कोणाच्या तरी कुंपणातून मागून घेतलेले तिसरे, असा या फुलझाडाचा प्रवास घरोघर झालेला आहे. या देवाणघेवाणीत आपुलकी आहे यात शंका नाही. परंतु अबोलीचे परस एकाएकी सुकून जाण्याचे मूळ पुष्कळदा याच देवाणघेवाणीत सापडते. ही गोष्ट ऐकताक्षणी पटणारी नाही. म्हणून प्रथम झाडाची ओळख करून घेऊन मगच तिच्याकडे वळणे योग्य होईल.

अबोली हे दक्षिण भारत आणि श्रीलंका या भागांतील मूळचे झुडूप. वनस्पतिशास्त्रात तिला क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस असे लांबलचक नाव आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ नाळक्याच्या म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची, एवढाच. अडुळसा आणि कोरांटी ही तिच्याच कुळातील भावंडे. कानडी आणि तमिळ मुलखांत तिला कनकांबर म्हणतात. मराठीत मात्र तिच्या नावावरून एका रंगालाच नाव मिळाले. कापडाच्या दुकानात अबोली रंगाचे लुगडे मागितले की दुकानदाराला अधिक काही सांगावे लागत नाही. तिला गंध नाही. जाई-जुई, सुरंगी यांचा वास दारातून आत येण्यापूर्वीच आपली वर्दी देतो. हे फूल तसे काही करीत नाही, म्हणूनच कदाचित ते अबोली. पण गंध नसणे हाच वेणी गुंफणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने तिचा गुण ठरला आहे. जाईच्या वासाशी किंवा दवण्या-मरव्याच्या वासाशी तिचा झगडा होत नाही, तिचे वजन जाणवत नाही आणि केसांत माळल्यावर ती लवकर मलूल होत नाही.

वजनाचा विषय निघाला म्हणून एक आकडा सांगण्यासारखा आहे. अबोलीची सुमारे १५,००० फुले एकत्र केली तेव्हा कोठे एक किलो भरतो. मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळे येथे देवळाबाहेर फुलांच्या फाती घेऊन बसणाऱ्या स्त्रियांपुढील लहानशा टोपलीत किती वेळा वाकणे, किती वेळा खुडणे आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात किती गाठी मारणे साठलेले असते, याचा अंदाज या एका आकड्यावरून यावा. घासाघीस करणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

अबोलीचे फूल एकेकटे येत नाही. पानांच्या बेचक्यातून हिरवे, चौकोनी कणीस वर येते आणि त्याच्या खवल्यांआडून फुले उमलू लागतात. उमलण्याची सुरुवात तळाकडून होते आणि ती शेंड्याकडे सरकत जाते. एका कणसावर फुलांचे हे येणे दोन-तीन आठवडे चालू राहते. उमललेले फूल झाडावर दोन दिवस चांगले टिकते. यास्तव दररोज न खुडता एक दिवसाआड, पहाटे ऊन चढण्यापूर्वी खुडण्याची रीत पडली आहे. संपलेली कणसे मात्र झाडावर तशीच ठेवू नयेत. ती खुडून टाकली म्हणजे झाडाची शक्ती बी भरण्यात खर्ची न पडता नव्या कणसांकडे वळते.

आता उन्हाचा प्रश्न. अबोली सावलीत जगते, आणि याच कारणाने अनेकांचा गैरसमज होतो. जगणे निराळे आणि फुलणे निराळे. कुळागरातील पोफळींच्या दाट छायेत लावलेली अबोली उंच, पोपटी आणि लुसलुशीत दिसते. पाहणारा तिची वाहवा करतो. परंतु तिच्यावर कणसे मोजकीच असतात. माडांच्या विरळ सावलीत ती बऱ्यापैकी येते. पण फुले विकून चार पैसे मिळवावयाचे असतील तर उघड्या, उन्हाच्या जागेस पर्याय नाही. घराच्या मागील भिंतीलगतची, फणसाखालची, इतर काहीच येत नाही म्हणून अबोलीला दिलेली जागा ही तिची जागा नव्हे.

तेवढीच दुसरी गरज निचऱ्याची आहे. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. जांभ्या दगडाच्या उतारावरील जमिनीतून हे पाणी निघून जाते. सखल परसात ते साचते. साचलेल्या पाण्यात अबोलीची मुळे गुदमरतात व कुजू लागतात. म्हणून सपाट वाफ्यात न लावता एक-दीड वीत उंचीच्या वरंब्यावर तिची लागवड करावी. दोन वरंब्यांत ६० सेंटिमीटर आणि एकाच वरंब्यावरील दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर पुरते. वाढीने पसरट अशा दिल्ली जातीसाठी हे दुसरे अंतर ४० सेंटिमीटर ठेवावे.

येथपर्यंतचे सर्व यथास्थित केलेल्या परसातही एक अनुभव वारंवार येतो. पहिले वर्ष उत्तम जाते. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर, वाफ्याच्या एका कोपऱ्यातील तीन-चार झाडे खुजी राहू लागतात. त्यांच्या पानांवर पिवळट, किंचित गुलाबी झाक येते. दुपारी ती माना टाकतात, संध्याकाळी थोडी सावरतात. घरची बाई साहजिकच समजते की झाडांना पाणी कमी पडत आहे. ती दोन कळशा अधिक घालते. झाडे अधिकच माना टाकतात. ती आणखी पाणी घालते. महिन्याभरात तो कोपरा वाळतो, मग शेजारची रांग जाते, आणि पुढच्या चवथीपर्यंत वाफा ओसाड होतो. दृष्ट लागली असे कोणी म्हणते, जमीन थकली असे कोणी म्हणते. मग उरलेली बरी दिसणारी चार झाडे मुळासकट काढून दुसऱ्या जागी लावली जातात, एक-दोन बहिणीला दिली जातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्या दोन्ही ठिकाणी तोच खेळ पुन्हा होतो.

दोष दृष्टीचा नसतो आणि जमीनही थकलेली नसते. ओल्या मातीतील झाड जेव्हा दुपारी मान टाकते तेव्हा पाणी कमी पडलेले नसते. पाणी वर नेणारी मुळे निकामी झालेली असतात. अशा वेळी करावयाची परीक्षा साधी आहे. वाळत चाललेले एक झाड हलक्या हाताने, सभोवारची माती सैल करून उपटावे आणि पाण्याने भरलेल्या बालदीत मुळे खळबळून धुवावी. निरोगी मुळे पांढरट असतात. रोगट झाडाच्या मुळांवर तपकिरी-काळे चट्टे दिसतात, बारीक तंतुमुळे झडून गेलेली असतात, आणि काही वेळा मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतात.

हे काम सूत्रकृमींचे. सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखे बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कृमी. गांडुळाशी त्यांचे नाते नाही. गांडूळ मातीचा मित्र आहे, हे मुलांना शिकवताना स्पष्ट केलेले बरे. अबोलीवर मुख्यतः दोन प्रकारचे सूत्रकृमी आढळतात. एक मुळांत शिरून तिला जखमा करीत हिंडतो, दुसरा एके ठिकाणी बसून मुळांवर गाठी आणतो. आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मातीतील फ्युझेरियम नावाची बुरशी आत शिरते. कृमी आणि बुरशी यांची ही जोडगोळी जमली म्हणजे झाडाचे मरण ठरलेले. वाढीव पाण्याने बुरशीला अनुकूल ओल मिळते, आणि त्या गृहिणीने मायेने घातलेल्या दोन कळशा झाडाच्या मुळावर येतात त्या अशा.

सूत्रकृमी आपल्या बळावर फार दूर जाऊ शकत नाही. वर्षभरात त्याचा प्रवास एखाद्या हाताएवढा. मग तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो कसा? कुदळीला चिकटलेल्या मातीतून, पावसाच्या वाहत्या पाण्यातून, आणि सर्वांत सोयीने, शेजारणीने प्रेमाने दिलेल्या रोपाच्या मुळांतून.

यावरील उपाय सांगण्यास सोपा आणि पाळण्यास थोडा कठीण आहे. कोणाकडूनही रोप घेऊ नये, फांदी घ्यावी. हे कृमी मुळांत आणि मातीत राहतात. वरच्या फांदीत ते राहत नाहीत. निरोगी दिसणाऱ्या झाडाच्या शेंड्याकडील वीतभर फांदी स्वच्छ कोयत्याने कापून घ्यावी. कणसे आणि खालची पाने काढून टाकावी, आणि धुतलेल्या वाळूत, सावलीत ती लावावी. पावसाळी हवेत अशा फांदीला मुळे फुटण्यास अडचण येत नाही. देणाऱ्याचे झाडही मोडत नाही आणि घेणाऱ्याच्या घरी आजार येत नाही. नात्याची देवाणघेवाण आहे तशीच राहते.

जेथे रोग आलेला आहे त्या जागेचे काय करावे, हा प्रश्न उरतो. जुन्या पुस्तिकांतून या कामासाठी फोरेट हे दाणेदार औषध सुचविलेले आढळेल. कोणाच्या माळ्यावर अशी पुस्तिका किंवा त्या औषधाची पुडी असल्यास दोहोंवर विसंबू नये. फोरेट अत्यंत विषारी असून ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. आणि परसात तर विहीर जवळ असते, कोंबड्या फिरतात, मुले खेळतात.

गोव्यातील उन्हाळा हेच येथे पहिले औषध आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाफा खणून ढेकळे फोडावी, जुनी मुळे वेचून जाळावी, मातीला भरपूर पाणी द्यावे आणि तिच्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरून चारही कडा मातीने दाबून बंद कराव्या. काळा कागद नको, पारदर्शकच हवा. उन्हाची किरणे त्यातून आत जावयास हवीत. चार ते सहा आठवडे हा कागद हलवू नये. आतील ओली माती एवढी तापते की वरच्या थरातील कृमी, बुरशी आणि तणाचे बी यांचा मोठा भाग नष्ट होतो. याला मृदा-सौरीकरण असे भारदस्त नाव आहे. नाव विसरले तरी चालेल. सर्वच परसाला कागद घालणे ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान रोपे तयार करावयाच्या वाफ्यापुरता तरी तो घालावा, कारण पुढील सर्व झाडांचे आरोग्य तेथेच ठरते. ज्या परसात ऊन येत नाही त्या परसात मात्र हा उपायही चालत नाही.

दुसरा उपाय झेंडूचा. झेंडूच्या मुळांतून असे द्रव्य निघते की ज्यामुळे या सूत्रकृमींची संख्या घटते. मात्र अबोलीच्या वाफ्याच्या चार कोपऱ्यांत चार झेंडू शोभेसाठी लावून हे साधत नाही. रोगट वाफ्यातून अबोली पूर्णपणे काढून टाकून तेथे एक हंगामभर झेंडूचेच दाट पीक घ्यावे लागते. दसरा-दिवाळीला झेंडूला गिऱ्हाईक असतेच, त्यामुळे तो हंगाम फुकट जात नाही. त्या जागी वांगी, टोमॅटो, भेंडी मात्र लावू नये. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला ही झाडे अबोलीइतकीच प्रिय आहेत. नव्याने अबोली लावताना चौरस मीटरला १०० ग्रॅम या प्रमाणात निंबोळी पेंड आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मातीत मिसळावी. ओले, अर्धकच्चे शेण घालू नये.

लागवडीचे वेळापत्रक आपल्या पावसाला धरून ठेवावे लागते. ऑगस्टमध्ये उंच वाफ्यावर, पावसाच्या माऱ्यापासून वाचेल असा आडोसा करून बी पेरावे. बी ताजे हवे. वर्षानुवर्षे डब्यात ठेवलेले बी उगवत नाही. साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाचा जोर ओसरून ऊन स्थिर झाल्यावर, रोपे कायम जागी न्यावी. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत फुले येऊ लागतात आणि उन्हाळाभर येत राहतात. जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही म्हणून उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी पाणी द्यावे, परंतु बोट खुपसून माती ओली लागली तर त्या दिवशी देऊ नये. खतांचे प्रमाण मातीच्या तपासणीवरून ठरविणे उत्तम. विभागीय कृषी कार्यालयात अथवा जुने गोवे आणि मडगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत याविषयी मार्गदर्शन मिळू शकते. मावा किंवा खवले कीड दिसल्यास निंबोळी अर्काची फवारणी पुरेशी होते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडावयास हवी. अबोलीला सर्वाधिक मागणी असते ती श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत, आणि नेमक्या त्याच पावसाळी महिन्यांत तिची फुले सर्वांत कमी येतात. त्या काळात बाजारात दिसणारी फुले पुष्कळदा घाटावरून येतात. हा निसर्गाचा हिशेब आहे, आणि तो चुकविण्याची सोपी युक्ती नाही. निचरा चांगला असलेल्या वरंब्यांवरची झाडे पावसात तग धरतात आणि पाऊस उघडताच इतरांच्या आधी कणसे टाकतात, एवढाच लाभ मिळू शकतो. मात्र चवथीच्या दरावर दृष्टी ठेवून कोणी कर्ज काढून अबोली लावू नये.

जातींविषयी थोडेसे. परंपरेने चालत आलेली केशरी अबोली बियांपासून होते. पिवळ्या फुलांची अबोलीही परसांतून आढळते. दिल्ली नावाने ओळखली जाणारी गडद केशरी अबोली मात्र बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन किंवा चार संच नसून तीन आहेत, आणि तिनाची समान वाटणी होत नसल्याने बीजधारणा बिघडते. ही जात फांदीपासूनच वाढवावी लागते; फांदी की रोप हा मघाचा प्रश्न तिच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का अंबरा, अर्का कनका अशा सुधारित जातीही दिलेल्या आहेत. थंडी मात्र कोणत्याच अबोलीला मानवत नाही. ग्वाल्हेर-इंदुराकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी कौतुकाने नेलेली अबोली तेथील हिवाळ्यात कुंडीतून घरात घ्यावी लागते, हे त्या बाजूस लेकी दिलेल्यांना ठाऊक असेल.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवलेली आहे. केशरी अबोलीची पूर्ण वाळलेली काही कणसे गोळा करून वर्गात पाण्याच्या ताटात टाकावी आणि मुलांना गप्प बसून ऐकण्यास सांगावे. थोड्या वेळाने बोंडे तडातडा फुटू लागतात आणि बी उडून बाकावर, कधी गुरुजींच्या टेबलावर येऊन पडते. पाऊस पडला, आता रुजण्यास हरकत नाही, हे झाड या रीतीने ओळखते. एका बोंडात बहुधा चार बिया असतात. ओले झालेले बी बोटाला चिकटते, कारण त्याच्यावरील खवल्यांना पाणी लागताच बुळबुळीतपणा येतो. त्यायोगे ते ओल्या मातीला धरून राहते. अबोलीसारखे नाव धारण करणारे झाड एवढा आवाज करते याची मुलांना मोठी गंमत वाटते. बी गोळा करावयाचे असल्यास मात्र वाळू लागलेली कणसे पावसाच्या किंवा दवाच्या आधीच खुडून कागदी पिशवीत ठेवावी, नाहीतर पिशवीत टरफलेच येतील.

शाळेच्या आवारात उन्हाची जागा बहुधा असतेच. तेथे पाच-पंचवीस झाडांचा एक निरोगी वाफा राखला आणि बालदीत मुळे धुऊन पाहण्याची परीक्षा वर्षातून एकदा मुलांच्या हातून करविली, तर गावाला फांद्या देणारी एक खात्रीची जागा तयार होते. रोपवाटिकांतून वाटल्या जाणाऱ्या रोपांविषयीही संबंधित अधिकाऱ्यांनी हीच दक्षता घ्यावयास हवी. किती हजार रोपे वाटली याचा तक्ता वेळेवर पाठविला जातो. त्यांपैकी चार रोपांची मुळे पिशवी फाडून कोणी पाहिली काय, असा रकाना त्या तक्त्यात नसतो. पंचायतीने रोपे स्वीकारताना आपण होऊन तशी पाहणी करण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

एकदा लावलेली अबोली निगा राखल्यास दोन-तीन वर्षे भरघोस फुलते; नंतर फुले लहान होत जातात आणि झाड लाकडी होते. अशा वेळी, झाड अजून निरोगी असतानाच, पावसाच्या तोंडावर त्याच्या शेंड्याच्या फांद्या घेऊन वाळूत लावाव्या आणि उन्हाळ्यात कागद घालून तापविलेला दुसरा वाफा त्यांच्यासाठी तयार ठेवावा. जुन्या वाफ्यात त्या वर्षी झेंडू पेरावा.